लष्कराची हजेरी आणि तिजवरील देखरेख

कऱ्हाडास लागून असलेल्या मलकापुराहून निघालें असतां मराठ्यांच्या लष्करी इतिहासांतील तीन स्थळें एका दिवसाच्या चालींत पाहून होतात. वायव्येस वसंतगड, त्याच्या पायथ्याशीं सरनोबत हंबीरराव मोहिते यांचें तळबीड, आणि कृष्णेपलीकडे पूर्वेस सदाशिवगड. गांवाशेजारच्या आगाशिवाच्या डोंगरांतील बौद्ध लेणीं पाहावयास लोक दुरून येतात. गडांवर जाणारेहि पुष्कळ आहेत. परंतु या गडांवर नांदलेल्या शिबंदीचा जो कागदी संसार, त्याची विचारपूस करणारे थोडे.

जुन्या दफ्तरांचा संग्रह करणाऱ्याची नजर प्रथम शिक्कामोर्तबाच्या पत्रांकडे जाते, हें स्वाभाविक आहे. हजेरीपट, रोजमुऱ्याच्या यादी, अंबारखान्याचे जमाखर्च हे कागद मात्र 'नुसते आंकडे' म्हणून रुमालाच्या तळाशीं राहतात, आणि रुमाल सुटला म्हणजे सर्वांआधीं तेच नाहींसे होतात. वस्तुतः मराठी राज्य आपल्याच शस्त्रधाऱ्यांवर नजर कशी ठेवी, हें समजण्यास याहून चांगलें साधन नाहीं. या कागदांवरून व त्यांस जोडून येणाऱ्या इतर पुराव्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सैन्याची मोजदाद करणारा अधिकारी एकटा कधींच पुरेसा मानला गेला नाहीं. त्याचा कागद मुलकी हिशेबाच्या आणखी दोनतीन हातांखालून गेल्यावांचून खरा ठरत नसे. हे हात कोणाचे, ते एकमेकांस कसे सांपडत, आणि अखेरीस ते कां सुटले, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम नांवें. मुजुमदार म्हणजे मजमूदार, सर्व रकमा एकत्र आणून पाहणारा. जमेनीस म्हणजे जमेचा लिहिणारा. कारखानीस म्हणजे कोठीचा व साहित्याचा लिहिणारा. सबनीस हा हजेरीचा व शिबंदीच्या लेखनाचा अधिकारी. हीं नांवें बहुतेक फारशी वळणाचीं असून दक्षिणेंतील सुलतानी दफ्तरांतून मराठी राज्यांत आलीं. राज्यव्यवहारकोशानें मुजुमदारास अमात्य व सुरनिसास सचिव म्हटलें, तरी कारकुनाच्या लेखणीस जुनींच नांवें रुळलेलीं राहिलीं. कामाची वांटणीहि सर्वस्वीं नवी नव्हती. मोंगलांकडे मनसबदाराचीं घोडीं व माणसें तपासून दाखला देणें हें बक्षीचें काम, आणि त्या दाखल्यावर पैसा देणें न देणें हें दिवाणाचें. अकबरानें घोड्यास डाग देण्याची व शिपायाचा चेहरा लिहून ठेवण्याची चाल पाडली, ती मनसबदारांच्या खोट्या हजेरीस आळा घालण्याकरितांच. मोजणारा एक व देणारा दुसरा, हें तत्त्व शिवछत्रपतींस आयतें मिळालेलें होतें. महाराजांनीं तें किल्ल्याच्या दरवाजापर्यंत नेऊन पोंचविलें, हा त्यांचा विशेष.

गडाच्या कारभाराची जी व्यवस्था सभासदानें वर्णिली आहे ती सर्वांच्या परिचयाची आहे. हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे एका प्रतीचे, तिघांनीं मिळून कारभार करावा. अंबारखान्याची आवक व खर्च लिहिण्यास कारखानीस निराळा. मोठ्या गडावर तटसरनोबत निराळे. अधिकारी निरनिराळ्या जातींचे नेमीत, एवढीच गोष्ट बहुतेक लेखक सांगून थांबतात, आणि तिघे एक होऊन गड शत्रूस देऊं नयेत हें तिचें कारण देतात. तें खरेंच आहे. वसंतगडाचाच इतिहास पाहावा: १६५९ त स्वराज्यांत आलेला हा गड १६९९ च्या नोव्हेंबरांत औरंगजेबाच्या हातीं पडला, आणि साताऱ्याच्या वेढ्यास निघालेल्या त्या बादशहानें त्यास विजयाची किल्ली अशा अर्थाचें नांव दिलें. एक गड गेला म्हणजे पुढचा मार्ग मोकळा होतो, हें ज्या मुलखांत डोळ्यांनीं दिसतें तेथें फितव्याची धास्ती नुसती पुस्तकी नव्हे.

परंतु या रचनेंत दुसरें एक अंग आहे, तिकडे लक्ष कमी गेलें आहे. गडावर माणसें किती हें सबनीस लिही. त्या माणसांच्या पोटास धान्य किती लागलें हें कारखानीस लिही. रात्रीं दरवाजा बंद करून किल्ल्या बाळगण्याची जोखीम हवालदाराची. अर्थात् आंत कोण व बाहेर कोण हें त्यास ठाऊक असावयाचेंच. आतां सबनिसानें दहा नांवें खोटीं मांडलीं, तर त्या दहांचें धान्य कारखानिसाच्या खर्चांत पडलें पाहिजे. तें पडलें नाहीं तर हिशेब तेथेंच अडतो, आणि पडलें तर कोठींत तितकें धान्य कमी भरलें पाहिजे. म्हणजे खोटें बोलावयाचें तर तिघांनीं एकच खोटें, एकाच दिवशीं, निरनिराळ्या वह्यांत लिहावयास हवें. हें अनुमान आमचें आहे, सभासदानें तें शब्दांनीं सांगितलेलें नाहीं. पण दोन वह्या दोन माणसांच्या हातीं देण्याचा दुसरा व्यवहार्य उपयोग आम्हांस दिसत नाहीं.

चालत्या फौजेंतहि हाच प्रकार. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पांच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पांच हजारींवर पंचहजारी, ही उतरंड शाळेंतल्या मुलासहि पाठ असते. तिच्या शेजारीं लेखणीची दुसरी उतरंड उभी होती, ती मात्र पाठ्यपुस्तकांत येत नाहीं. जुमलेदारास पांचशे होन, तर त्याच्याजवळच्या मुजुमदारास शंभर ते सव्वाशे. हजारीस एक हजार होन, आणि त्याच्याबरोबर मुजुमदार, मराठा कारभारी व प्रभु जमेनीस, यांस मिळून पांचशे. सरदाराच्या वेतनाच्या निम्म्याइतकी रक्कम त्याच्या हिशेबावर बसणाऱ्या माणसांवर खर्च करणारें राज्य हिशेबास काय किंमत देत होतें, हें या एका आंकड्यावरून कळावें. शिवाय सैन्याबरोबर वाकनीस, हरकारे व जासूद असत. त्यांची बातमी निराळ्या वाटेनें हुजुरास पोंचे.

मोहिमेवर निघतांना प्रत्येक लहानथोर माणसाच्या चीजवस्तूचा जाबता करीत, आणि आठ महिने परमुलखांत काढून फौज माघारी आली म्हणजे सरहद्दीवर झाडा घेत. जाबत्याहून अधिक सांपडलें तर तें वेतनांत वळतें करीत. ही लुटीच्या मालावरची देखरेख असें सामान्यतः सांगतात. आमच्या मतें ती त्याहून अधिक आहे. जातेवेळची यादी लष्करी कारकुनाच्या हातची, वेतनाची वजावाट हिशेबदप्तराच्या हातची. पहिल्यावांचून दुसरें चालत नाहीं, आणि दुसऱ्यावांचून पहिल्यास कांहीं अर्थ राहत नाहीं. अष्टप्रधानांच्या म्हणून जो जाबता प्रसिद्ध आहे त्यांत सेनापतीस युद्ध व सैन्यरक्षण सांगितल्यावर ताब्यांतील मुलखाचा हिशेब रुजू करण्याचीहि आज्ञा आहे, आणि अमात्यानें सर्व राज्याचा जमाखर्च पाहून फडनिशी व चिटनिशी पत्रांवर निशाण करावें असें म्हटलें आहे. तळबीडच्या हंबीररावांसारखा रणांगणावरचा सेनापतिहि या नियमाबाहेर नव्हता.

चिपळूणनजीक हलवर्ण येथें पागा छावणीस असतां महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या काडीस हात लावूं नये, दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी जपून वापरावी, हा त्यांतील उपदेश सर्वजण उद्धृत करतात. त्या पत्राचा मायना मात्र कोणी थांबून वाचीत नाहीं. तें पत्र एकट्या जुमलेदारांस नाहीं. जुमलेदार, हवालदार आणि कारकून अशा तिघांस मिळून आहे. छावणींत वैरण संपली तर दोष तरवारीचा तसाच लेखणीचाहि, असा त्याचा अर्थ होतो.

ही देखरेख एकाच बाजूनें चाले असें नाहीं. मुलकी अंमलदार लष्करावर नजर ठेवी, तसा लष्कराचा खोळंबा झाला तर त्याचा जाब मुलकी अंमलदारास द्यावा लागे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास १६७५ च्या जानेवारींत महाराजांनीं लिहिलेलें पत्र या दृष्टीनें फार मोलाचें आहे. जंजिऱ्याच्या हबशाविरुद्ध पद्मदुर्ग उभा करण्याचें काम चाललें होतें. दौलतखान व दर्यासारंग आरमार घेऊन त्या कामावर होते. त्यांस रोख व धान्य पोंचविण्याच्या वराता प्रभावळीच्या सुभ्यावर केल्या होत्या. सुभेदारानें ऐवज पोंचविला नाहीं. पत्रांतील राग सर्वांस ठाऊक आहे; सुभेदारानें शत्रूपासून कांहीं घेतलें असावें असा संशय, आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाहीं अशी ताकीद त्यांत आहे. आमचें लक्ष वरातेकडे आहे. वरात हुजुराहून निघाली, तिची नोंद हुजुरांत राहिली. आरमाराकडून ऐवज न पावल्याचें कळलें. दोहोंचा मेळ घालतांच चूक कोठें हें उघड झालें. आरमाराच्या अधिकाऱ्याचा शब्द आणि सुभ्याचा हिशेब हे दोन निराळ्या वाटांनीं आले नसते, तर महाराजांस रागावण्यास कारणहि कळलें नसतें.

पेशवाईंत फौजेचें स्वरूप बदललें. रोख वेतनाची पागा मागें पडून शिलेदार व सरंजामी पथकें पुढें आलीं. सरंजामदारास मुलूख तोडून दिला, त्याबदल्यांत त्यानें अमुक स्वार बाळगावे असा तैनातजाबता ठरला. येथें सरकारची अडचण उघड आहे. पैसा सरदाराच्या हातीं आधींच गेलेला. आतां घोडीं मोजावयाचीं तीं त्याच्याच तळावर जाऊन. शिलेदाराचें घोडें पडलें तर त्याची भरपाई मागितली जाई, म्हणून घोड्याचा रंग व किंमत नोंदून ठेवणें प्राप्त झालें. नालबंदी, रोजमुरा, जखमींचा व मयतांच्या वारसांचा खर्च, अशा रकमा वाढत गेल्या, आणि प्रत्येक रकमेच्या मुळाशीं हजेरीचा एक कागद आला.

या अडचणीवर जो उपाय योजिला तो म्हणजे दरखदारांची संस्था. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस हे अधिकारी मामलेदाराच्या, किल्लेदाराच्या व मोठ्या सरदाराच्या कचेरींत असत. पण त्यांची नेमणूक हुजूरची. ज्याच्या हाताखालीं ते काम करीत त्यास त्यांना काढतां येत नसे. दिवाणाच्या सहीवांचून हुकूम पुरा होत नसे. मुजुमदारानें पाहिल्यावांचून हिशेब फडणिसाकडे जात नसे. फडणीस त्यावर तारीख घालून कीर्दींत नोंद करी. पोतनीस रोकड मोजी. हजेरीपट सबनिसाच्या हातचा असला तरी त्यावरून जो पैसा निघावयाचा तो या सर्वांच्या हातांतून निघे. बडोद्यास गायकवाडांच्या दरबारीं मुजुमदार व फडणीस हीं घराणीं पुढें वंशपरंपरेनें मानकरी झालीं. त्यांचें मूळ पुण्याहून ठेवलेल्या या नजरेंतच आहे.

स्थानिक हिशेब पुण्यास आल्यावर हुजूर दफ्तरांत त्याचे पुन्हा भाग पडत. चालत्या दफ्तराचे फड, बेहेडा व सरंजाम असे विभाग होते. बेहेड्यांत महालाच्या जमाखर्चाचा आगाऊ अदमास, सरंजामांत पथकांस तोडून दिलेल्या मुलखाचा तपशील, फडांत चालू हुकूम व देणीं. काम संपलेले सर्व कागद एकबेरीज दफ्तरांत जात. तेथें त्यांची खतावणी होऊन तरजुमे तयार होत. पेशवे स्वारींत असले तरी एकबेरीज पुण्यांतच राही. या शेवटल्या गोष्टीचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. फड पेशव्यांबरोबर हिंडे, तेथें निकड असे, भीड असे, सरदार समोर बसलेला असे. एकबेरिजेंतल्या कारकुनासमोर कोणी सरदार बसलेला नसे. त्याच्यापुढें मागील वर्षाचा तरजुमा असे, आणि यंदाचा कागद त्याशीं जुळतो कीं नाहीं एवढेंच तो पाही. आजच्या राज्यव्यवस्थेंतहि संरक्षण लेखा विभाग लष्कराचीं देयकें तपासून पैसा देतो, आणि त्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक निराळी परीक्षा करून अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढें ठेवतात. चालतें दफ्तर व एकबेरीज यांतला भेद बराचसा याच जातीचा होता. मात्र एकबेरिजेस संसद नव्हती. तिच्यावर जो बसे तो फडणीसच.

येथेंच या रचनेचें वर्म आहे, आणि तें दाखविण्यास दोन प्रसंग पुरेत.

पहिला प्रसंग रघुनाथरावांच्या उत्तरेंतील स्वारीचा. १७५८ त अटकेकडे मराठी फौजा पोंचल्या, आणि त्या स्वारीचा जमाखर्च पुण्यास आला तेव्हां लाभाऐवजीं कर्ज निघालें. ग्रँट डफनें तें ऐंशीं लाखांचें सांगितलें आहे. सदाशिवरावभाऊंनीं त्याबद्दल स्पष्ट बोलणें केलें, आणि पुढील मोहिमेचें नेतृत्व भाऊंकडे गेलें. विजयी सेनापति, तोहि पेशव्यांचा सख्खा भाऊ, आणि तरीहि हिशेबापुढें त्यास निरुत्तर व्हावें लागलें. पानिपताच्या शोकांत हा भाग झांकून जातो. पण हिशेबाच्या दफ्तराचा धाक १७५८ च्या सुमारास केवढा होता हें त्यावरून दिसतें.

दुसरा प्रसंग महादजी शिंद्यांचा. १७९२ त ते पुण्यास आले. हिंदुस्थानच्या मोहिमांत आपला खर्च झाला तो सरकारानें द्यावा हें त्यांचें म्हणणें. मुलूख मिळविला त्याच्या वसुलाचा हिशेब आधीं दाखवावा हें नाना फडणिसांचें. वाद हिशेबाचा खरा, पण तोंवर नाना नुसते फडणीस राहिले नव्हते. राज्याचा कारभारच त्यांच्या हातीं होता. महादजींस समोर दिसला तो हिशेबनीस नव्हे, राजकारणांतला प्रतिपक्षी. त्यामुळें हिशेबाचा प्रत्येक प्रश्न त्यांस डाव वाटला, आणि तो सर्वस्वीं डाव नव्हता असें आम्हांसहि म्हणवत नाहीं. नानांच्या व्यवस्थितपणाविषयीं शंका नाहीं. पुण्याचें दफ्तर त्यांच्या काळांत जितकें नीट राहिलें तितकें पुढें कधींच राहिलें नाहीं. पण तपासणारा व राज्य चालविणारा एकच झाला, म्हणजे त्याला तपासणारा उरत नाहीं. दरखदारांची सगळी सांखळी अखेर ज्या खुंटीस बांधलेली होती ती खुंटी एका माणसाच्या कर्तबगारीवर उभी राहिली, आणि तो माणूस १८०० सालीं वारला.

पुढचा इतिहास एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत लिहून ठेवला आहे. तो जेत्याचा अहवाल आहे, तेव्हां जपून वाचला पाहिजे. परंतु हिशेबाच्या बाबतींत त्यानें जें लिहिलें तें कारकुनांस विचारून लिहिलेलें दिसतें, आणि तें फार बारीक आहे. मामलेदारांच्या नफ्याच्या वाटा सांगतांना तो जमा लपविणें, खोटी सूट दाखविणें, नेमणुका न देणें, यांच्या पंक्तीस खोटी हजेरी बसवितो. मग दरखदार कोठें होते? ते जाग्यावरच होते. वांटा घेत होते. त्याहून विलक्षण हकीकत 'अंतस्थ' या रकमेची. मूळ ती पुण्यांतील कारभाऱ्यांस व हिशेब तपासणारांस गुप्तपणें द्यावयाची रक्कम. हळूहळू ती ठरीव झाली. ठरीव झाली म्हणून तीहि हिशेबांत मांडूं लागले, आणि इतर रकमांप्रमाणें तिचीहि तपासणी होऊं लागली. पण तपासणारास गुप्त कांहीं पाहिजेच होतें, म्हणून रयतेवर आणखी एक वाढ बसली. अशा नाजुक रकमेंत तपासणारे फार खोल शिरत नसल्यामुळें मामलेदार त्यांतून वरिष्ठांस देई त्याहून अधिक स्वतःस ठेवी.

लांच कीर्दींत येऊन तिच्यावर निशाण व्हावें, हें वाचतांना प्रथम हंसूं येतें. परंतु विचार केला म्हणजे दिसतें कीं, यंत्र शेवटपर्यंत चालतच होतें. मुजुमदार पाहत होता, फडणीस तारीख घालीत होता, सही उणी पडत नव्हती. ज्या हातांनीं एकमेकांस धरावयाचें ते एकमेकांस सांवरूं लागले होते, एवढाच फरक. दरख वतनी झाली, हें त्याचें एक कारण. ज्याची आसामी मुलास जावयाची, व ज्याचें घर मामलेदाराच्या शेजारीं, तो पुण्याच्या नजरेनें किती दिवस पाहणार? दुसरें कारण पुण्यांतच होतें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती इजाऱ्यानें दिल्या जाऊं लागल्या. इजारदाराशीं सरकारचा संबंध ठरलेल्या रकमेपुरता. मग आंत हजेरी खरी कीं खोटी हें विचारण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं. पेशवाईनंतर दफ्तराची पाहणी करणारा मॅक्लिऑड सांगतो कीं, या काळांत दफ्तराकडे अगदीं दुर्लक्ष झालें, कारकुनांचा बहुतेक ताफा मोडला, आणि लोकांस कागद घरीं नेण्यासहि कोणी हरकत घेईना. एकबेरीज बंद पडणें म्हणजे मागल्या वर्षाचा तरजुमा नाहींसा होणें. तो गेल्यावर यंदाच्या हजेरीपटास कसोटीच राहिली नाहीं.

याचा परिणाम आमच्या कृष्णाकांठीं प्रत्यक्ष दिसला. कऱ्हाडचे प्रतिनिधि परशुराम श्रीनिवास यांनीं बंड केलें, आणि १८०६ त बापू गोखल्यांनीं वसंतगडानजीक त्यांचा मोड केला. खालीं दक्षिणेस पटवर्धनांच्या सरंजामाचा वाद याहून लांब चालला. सरंजामाप्रमाणें चाकरी होत नाहीं, मुलूख मात्र जास्त दाबला आहे, ही पेशव्यांची तक्रार. आमच्या हक्कांस हात लावूं नये, ही पटवर्धनांची. १८१२ त पंढरपुरास इंग्रजांच्या मध्यस्थीनें त्याचा निकाल लागला. एका सरदारानें किती स्वार बाळगावयाचे, हें सांगण्यास धन्यास तिऱ्हाइताकडे जावें लागलें, याचा अर्थ काय तो वाचकांनींच पाहावा. सरंजाम दफ्तर व हजेरी यांचा मेळ सालोसाल घातला गेला असता तर हा वाद कागदावरच मिटता. १८१९ त सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशीं इंग्रजांनीं जो करार केला, त्यांतहि चाकरीचा आधार म्हणून पेशव्यांकडील तैनातजाबत्याकडेच बोट दाखविलें आहे. पेशवाई बुडाल्यावरहि तिच्या कागदाचा अंमल चालू राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हे कागद आज कोठें सांपडतात, व सांपडल्यावर कसे वाचावे, याविषयीं संग्राहकांस दोन शब्द. हुजूर दफ्तराचा मोठा भाग पुण्यास सरकारी दफ्तरखान्यांत सुरक्षित आहे. त्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिश्या निवडल्या, व पुढें रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून पंचेचाळीस भाग काढले. परंतु निवड करतांना दोघांसहि आंकड्यांपेक्षां मजकुराकडे पाहावें लागलें, हें उघड आहे. शिवाय मलकापूर-कऱ्हाडच्या टापूचे कागद एका ठिकाणचे नाहींत. कऱ्हाड हें प्रतिनिधींचें ठाणें, त्यांचें दफ्तर निराळें. सरकारी अंमलाचे कागद पुण्याचे. आणि १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांच्या राज्याचे कागद सातारचे. एकाच गडाच्या शिबंदीची सबनिशी एका घरांत, कोठीचा जमाखर्च दुसऱ्या घरांत, आणि ज्यावरून दोन्ही तपासले तो तरजुमा पुण्यास, अशी स्थिति सहज संभवते.

म्हणून एकटा हजेरीपट हातीं आला तर त्यावरून सैन्याचा आंकडा ठरविण्याची घाई करूं नये. तो सबनिसाचा शब्द आहे, राज्याचा नव्हे. त्यावर तारखेची नोंद कोणत्या हातची, निशाण आहे कीं नाहीं, 'रुजू' किंवा 'बार' अशी दुसऱ्या अक्षरांतली खूण पाठीवर आहे काय, हें आधीं पाहावें. अक्षर बदललें म्हणजे कागद दुसऱ्या कचेरींतून गेला. जितकीं अक्षरें अधिक तितका कागद अधिक तपासलेला. अशी खूण मुळींच नसेल तर तो कच्चा मसुदा, घरची नक्कल, किंवा कधींच रुजू न झालेला कागद असावा.

कालनिर्णयांतहि हाच मेळ उपयोगी पडतो. हजेरी सुहूर सनाप्रमाणें, म्हणजे मृगापासून मृगापर्यंतच्या सालाची असते, आणि कारकून पुष्कळदां शतकाचा शब्द गाळतो. 'सीत सबैन' एवढेंच लिहिलेलें असलें, तर 'सीत सबैन व अलफ' धरल्यास इ. स. १६७५-७६, आणि 'सीत सबैन मया व अलफ' धरल्यास १७७५-७६ होतें. एक शिवछत्रपतींचें, दुसरें सवाई माधवरावांचें. मोडीच्या वळणावरून तज्ज्ञ निवाडा देतील, पण त्याच सालचा धान्याचा जमाखर्च मिळाला आणि त्यांत नाणें होनांचें आहे कीं रुपयांचें हें कळलें, तर कोणाहि वाचणारास निवाडा करतां येतो.

तेव्हां कऱ्हाड तालुक्यांत ज्या कोणास असे कागद मिळतील त्यांनीं रुमाल सोडण्यापूर्वीं त्यांतील कागदांचा क्रम लिहून ठेवावा, प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू उतरून घ्याव्या, आणि नक्कल धाडतांना पाठीवरील खुणा 'किरकोळ' म्हणून गाळूं नयेत. वसंतगडाच्या कोठीचा एखादा जमाखर्च व त्याच सालची सबनिशी अशी जोडी जर कोणाच्या संग्रहीं असेल, तर ती एकत्रच प्रसिद्ध व्हावी. निरनिराळी झाल्यास तिचें अर्धें मोल जाईल.